तेलगाडीची वाट

अंदलूसचा इतिहास आपल्याकडे दोन सुरांत सांगितला जातो. पहिला सूर विलापाचा. अब्दुल हलीम शरर आणि नसीम हिजाझी यांच्या उर्दू कादंबऱ्यांवर वाढलेल्या पिढ्यांना ग्रनाडा जणू आपल्याच घरातून गेले असे वाटत आले. इक्बाल १९३३ मध्ये कुर्तुब्याला जाऊन आले आणि त्यांनी ‘मस्जिदे कुर्तुबा’ ही नज्म लिहिली. त्या नज्मेत काळ, कला आणि इश्क यांचा केवढा तरी विचार आहे. पण आपल्या मजलिशींत तिच्यातून उचलले गेले ते हरवलेल्या वैभवाचे दुःख. दुसरा सूर धमकीचा. स्पेनने मुसलमानांना घालवून दिले, मग इतरांना ते का जमू नये, असे सुचवणारे लेखन आपल्या देशातही झाले आहे. एक सूर आपल्याला रडवतो, दुसरा घाबरवतो. दोन्ही सुरांना सुलतान, राजे आणि किल्ले एवढेच दिसतात. तेल गाळणारा, पाट खणणारा, गल्लीत बोलला जाणारा शब्द यांचे काय झाले, हे दोघेही विचारत नाहीत.

आम्हाला हा प्रश्न पडला तो दक्षिण स्पेनमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर. हाएन शहरापासून पुएन्ते हेनिल या गावापर्यंत १२८ किलोमीटरची एक वाट आहे. पूर्वी तिच्यावर रूळ होते, आता तिच्यावर सायकली धावतात. स्पॅनिश भाषेत तिला ‘व्हिया व्हेर्दे देल आसेइते’ म्हणतात, म्हणजे तेलाची हिरवी वाट. काही भाग डांबरी, काही चोपून बसवलेल्या मातीचा. ही वाट आम्ही सायकलने पार केली. राजवाड्यांच्या इतिहासात जे सापडले नव्हते, ते या वाटेवर बरेचसे सापडले. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी रेल्वेची हकिगत. लिनारेसच्या परिसरात शिशाच्या खाणी होत्या आणि हाएन, कोर्दोबा (आपले कुर्तुबा) या प्रांतांत जैतूनची अफाट लागवड होती. शिसे आणि तेल भूमध्य समुद्रावरच्या मालागा बंदरात न्यायला लोहमार्ग हवा होता. लिनारेस ते पुएन्ते हेनिल हा मार्ग १८९३ पर्यंत पूर्ण झाला. स्पेनचे रूळ युरोपातील इतर देशांपेक्षा रुंद. त्यांच्यातले अंतर १६६८ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे, म्हणजे दोहोंत केवळ आठ मिलिमीटरचा फरक. डोंगरदऱ्यांचा मुलूख असल्याने जागोजागी लोखंडी पूल टाकावे लागले, बोगदे खणावे लागले. या गाडीचे नावच तेलगाडी पडले. पुढे खाणी ओसरल्या, मालट्रक आले, तेलाचे पिंप रस्त्याने जाऊ लागले. १९८०च्या दशकाच्या मध्यावर स्पेनने तोट्यातले अनेक लोहमार्ग बंद केले, त्यांत ही तेलगाडीही थांबली.

गाडी थांबल्यावर मार्गाचे काय होते, हे आपल्याला विदर्भात वेगळे सांगायला नको. रूळ गंजतात, स्थानकाची कौले जातात, शेजारचा शेतकरी बांध सरकवतो. स्पेनमध्येही तेच व्हायला लागले होते. १९९३ पर्यंत तिथे साडेसात हजारांहून अधिक किलोमीटरचे मार्ग असे पडून होते. त्या वर्षी सरकारने आणि स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठानाने हिरव्या वाटांचा कार्यक्रम हाती घेतला. रूळ निघाले असले तरी खालच्या जमिनीची पट्टी सार्वजनिक मालकीची राहिली होती. ती स्थानिक संस्थांच्या हाती देऊन पायी चालणाऱ्यांसाठी, सायकलस्वारांसाठी, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी वाटा करण्यात आल्या. आज अशा वाटांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे.

या वाटांवर सायकल चालवणे सोपे जाते, त्याचे कारण वाफेच्या इंजिनाच्या अडचणीत आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार चढ घेऊ शकत नाही, म्हणून अभियंत्यांनी टेकडी आली की ती कापली, दरी आली की भराव घातला वा पूल बांधला आणि वळणे लांबच लांब ठेवली. शंभर वर्षांपूर्वी मजुरांनी उपसलेल्या त्या मातीचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना मिळतो. डोंगरी मुलखात असूनही चढ जाणवतो तो फक्त श्वासाला, पायांना क्वचितच.

आपल्या गावाकडे तलाठ्याच्या दप्तरात एक शब्द हमखास असतो : वहिवाट. रस्ता कोणी बांधला, कोणाच्या अमलात बांधला, यापेक्षा त्यावरून लोक सतत ये-जा करीत आले आहेत का, हे पाहिले जाते. वहिवाट असेल तर रस्ता जिवंत. तेलगाडीच्या वाटेवर आम्हाला हा शब्द वारंवार आठवत राहिला. रेल्वे गेली, पण वहिवाट मोडली नाही म्हणून वाट राहिली. अंदलूसचे नेमके काय राहिले आणि काय गेले, हे समजून घ्यायलाही हाच शब्द कामाला येतो.

हाएन सोडले की दोन्ही बाजूंना जैतूनची झाडे सुरू होतात आणि ती संपतच नाहीत. एका हाएन प्रांतात ती सहा कोटींहून अधिक आहेत. जगात कुठल्याही एका प्रांतात इतके जैतूनचे तेल निघत नाही. जैतून आपल्या घरात परके नाही. कुरआनातील सूरह अत्-तीनमध्ये अंजिराबरोबर त्याची शपथ येते आणि रमजानच्या दिवसांत दुकानातून त्याची बाटलीही आता घरी येते. स्पॅनिश माणूस तेलाला ‘आसेइते’ म्हणतो, ते अरबी ‘अज्-जैत’. फळाला ‘आसेइतुना’ म्हणतो, ते ‘अज्-जैतूना’. तेलाच्या घाण्याला ‘अल्मासारा’ म्हणतात, ते अरबी ‘अल्-मअसरा’, म्हणजे पिळून काढण्याची जागा. झाड अरबांनी आणलेले नाही. रोमन काळातही इथून तेलाचे रांजण रोमला जात होते आणि झाडासाठी लॅटिनवरून आलेला शब्द स्पॅनिशमध्ये आजही आहे. परंतु फळ, तेल आणि घाणा या तिन्हींची नावे अरबी राहिली. हातात काम ज्यांच्या होते, त्यांचे शब्द टिकले.

खुद्द हाएन शहर अरबांचे ‘जय्यान’. १२४६ मध्ये इब्नुल अहमरने ते कॅस्टिलच्या तिसऱ्या फर्नांदोच्या हवाली केले, त्याचे मांडलिकत्व पत्करले आणि त्या बदल्यात ग्रनाडाचे राज्य राखले. अल्हम्रा ज्यांनी बांधला ते हेच घराणे. मुस्लिमांच्या शेवटच्या अंदलूसी राज्याचा पाया एका तहात आहे, हे आपल्या कादंबऱ्या सहसा सांगत नाहीत. हाएनमध्ये त्या काळाची एक मोठी खूण आहे, अकराव्या शतकातला हमाम. त्याच्यावर पुढे एका सरदाराचा वाडा उभा राहिला आणि हमाम तळघरात गाडला गेला. विसाव्या शतकात तो पुन्हा उजेडात आला. आज लोक तिकीट काढून तो पाहतात. त्याच्या छतातील ताऱ्याच्या आकाराच्या झरोक्यांतून उजेड खाली पडतो. हमाम अतिशय देखणा आहे, परंतु तिथे कोणी अंघोळ करीत नाही. शेजारच्या गावातल्या अल्मासाऱ्यात मात्र आजही तेल गळते. आम्हाला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

१२४६ ते १४९२ अशी जवळजवळ अडीचशे वर्षे हा मुलूख सरहद्दीचा होता. आल्काउदेते, लुके, सुएरोस अशी एकामागून एक किल्ल्यांची गावे वाटेत येतात. सुएरोसचे मूळ अरबी नाव ‘सुखैरा’, म्हणजे लहानसा खडक, आणि गाव खरोखरच एका कड्याला चिकटून बसले आहे. दोन प्रांतांच्या हद्दीवर ग्वादाहोस नदीवरचा लांब लोखंडी पूल लागतो. नावातला ‘ग्वाद’ म्हणजे अरबी ‘वादी’. याच न्यायाने ‘वादी-अल्-कबीर’चे ग्वादाल्किविर झाले. पुलावर सायकल थांबवून खाली पाहिले की एकावर एक बसलेले थर दिसतात : नदीचे नाव अरबी, लोखंड एकोणिसाव्या शतकातले, पृष्ठभाग आजचा आणि त्यावरून चालणारे आजूबाजूच्या गावांतले म्हातारे जोडपे, संध्याकाळचा फेरफटका मारायला आलेले. त्यांना हे थर वेगळे काढून दाखवण्याची गरज पडत नाही.

दोन्या मेन्सिया या गावच्या जुन्या स्थानकात सायकली भाड्याने मिळतात. तिथल्या मुलाने आमच्या मागच्या चाकावर दुहेरी पिशवी अडकवली आणि तिला ‘आल्फोर्हा’ म्हटले. हे अरबी ‘अल्-खुर्ज’. आपल्या जुन्या मराठीत घोड्याच्या पाठीवर टाकायच्या दुतोंडी पिशवीला खुर्जी म्हणत. घोडा जाऊन सायकल आली तरी स्पेनमध्ये शब्द त्याच कामावर आहे. आपल्याकडे तो घोड्याबरोबर गेला. अशी देवघेव शोधायला लागले की किती तरी सापडते. ज्याचे नाव सांगायचे नाही त्याला आपण फलाणा म्हणतो, स्पॅनिश माणूस ‘फुलानो’ म्हणतो. मूळ एकच, अरबी ‘फुलान’. आपला काजी तिथे ‘आल्काल्दे’ होऊन नगराध्यक्ष बनला आहे. कॅथलिक आजीबाई नातवाच्या परीक्षेसाठी ‘ओहाला’ म्हणतात, तेव्हा अल्लाहने इच्छिले तर असेच त्या म्हणत असतात, कळत-नकळत. आणि हा प्रवास एकाच दिशेचा नाही. आपली साखर, आपले नारिंग, आपले वांगे हे भारतीय शब्द फारसी-अरबीच्या खांद्यावर बसून स्पेनला पोचले आणि ‘आसूकार’, ‘नारान्हा’, ‘बेरेन्हेना’ झाले.

पुढचे मोठे गाव काब्रा. अंदलूसी साहित्याच्या दृष्टीने हे गाव फार मोलाचे आहे. बाराव्या शतकातील लेखक इब्न बस्सामने ‘मुवश्शह’ या काव्यप्रकाराच्या शोधाचे श्रेय काब्राच्या एका कवीला दिले आहे. मुवश्शहची कडवी ग्रंथांतल्या अरबीत असतात. पण तिचा शेवटचा तुकडा, ज्याला ‘खर्जा’ म्हणतात, तो बोलीत असायचा. कधी बाजारातल्या अरबीत, तर कधी तिथल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या रोमान्स बोलीत आणि बहुधा एखाद्या स्त्रीच्या तोंडी. कित्येक शतके हे शेवटचे तुकडे विद्वानांना लागत नव्हते, कारण लिपी अरबी किंवा हिब्रू आणि भाषा तिसरीच. १९४८ मध्ये एस. एम. स्टर्न या अभ्यासकाने हिब्रू मुवश्शहांतील अशा खर्जा उलगडून दाखवल्या, तेव्हा स्पॅनिश परिवारातल्या भाषेतील काही सर्वांत जुनी गाणी मुसलमान आणि यहुदी कवींनी जपून ठेवल्याचे जगाला कळले.

या ठिकाणी आपल्या वाचकांना आपली आठवण झाली नाही तरच नवल. शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. हुसेन अंबरखानाने गीतेवर मराठीत टीका केली. शाह मुंतोजींनी मराठीत ग्रंथरचना केली. मराठी ही आपण शेजाऱ्यांकडून उसनी आणलेली भाषा नाही. काब्राच्या कवीने जे केले, तेच दख्खनमध्ये झाले. मनातले बोलायची वेळ आली तेव्हा मातीची भाषा वापरली गेली. मुस्लिम मराठी साहित्य म्हणजे काय, असा प्रश्न आजही आपल्याला घरातून आणि बाहेरून, दोन्हीकडून विचारला जातो. त्याचे उत्तर वहिवाटीत आहे.

परंतु इथेच थांबलो तर आपण सोपे उत्तर देऊन मोकळे झालो असे होईल. या वाटेवरचे पुढचे गाव, लुसेना, तसे थांबू देत नाही. मुस्लिम अमलात लुसेना यहुद्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. फेजहून आलेले इसहाक अल्फासी यांनी इथे धर्मविद्येचे मोठे पीठ चालवले आणि ११०३ मध्ये ते इथेच वारले. पुढे अर्धशतकाच्या आत मुवह्हिदांची सत्ता आली. यहुद्यांना धर्मांतर किंवा देशत्याग असा पर्याय ठेवण्यात आला आणि लुसेनाचे विद्यापीठ उठले. अंदलूस म्हणजे सहजीवनाचा स्वर्ग, असे बोलताना आपण हे पान उलटून पुढे जातो. उलटू नये. ज्यांची पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट होती त्यांना उठवण्याचे काम तिथे प्रथम मुस्लिम राज्यकर्त्यांनी केले होते.

याच लुसेनाजवळ १४८३ मध्ये ग्रनाडाचा शेवटचा सुलतान अबू अब्दिल्लाह, ज्याला स्पॅनिश लोक बोआब्दिल म्हणतात, लढाईत पकडला गेला. सुटका करून घेताना तो कॅस्टिलचा मांडलिक झाला. १४९१ च्या अखेरीस त्याने ग्रनाडाचा तह केला. त्या तहात मुसलमानांचा धर्म, मशिदी, मालमत्ता, काजी, सारे सुरक्षित राहील असे लिहिलेले होते. दहा वर्षांच्या आत तो तह कागदावरही उरला नाही. १५०२ मध्ये कॅस्टिलमधल्या मुसलमानांना धर्मांतर करा किंवा निघून जा, असे फर्मावण्यात आले. राहिले ते मोरिस्को झाले. १५६७ मध्ये अरबी बोलणे, अरबी पेहराव, हमाम, सारे मना केले गेले. बंड झाले, चिरडले गेले आणि ग्रनाडाचे मोरिस्को कॅस्टिलभर विखुरले गेले. शेवटी १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना जहाजांत भरून देशाबाहेर काढण्यात आले.

या लोकांविषयी एक गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. आरागॉनमधल्या आल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावी १८८४ मध्ये एक जुने घर पाडताना लपवून ठेवलेली हस्तलिखिते सापडली. त्यांतील पुष्कळशा मजकुराची लिपी अरबी होती, भाषा स्पॅनिश. नमाजाचे नियम, पैगंबरांच्या कथा, दुआ, सारे स्पॅनिश भाषेत. त्या भागातले मोरिस्को अरबी केव्हाच विसरले होते. अल्लाहचे नाव घ्यायलाही ते स्पॅनिशच वापरत होते. म्हणजे भाषा त्या मातीचीच होती, शेती त्या मातीतलीच होती, नऊशे वर्षांची वहिवाट होती. तरीही त्यांना घालवण्यात आले.

मग वहिवाटीचा उपयोग काय? हा प्रश्न आम्ही टाळू शकत नाही. तेलगाडीची वाट टिकली त्यामागे दोन गोष्टी होत्या. लोकांना ती हवी होती ही एक. खालची जमीन सार्वजनिक असल्याचे कायद्याने मान्य होते ही दुसरी. दुसरी गोष्ट नसती तर पहिली पुरली नसती. बांध सरकवणारे हात सगळीकडेच असतात. मोरिस्कोंकडे पहिली गोष्ट भरपूर होती. दुसरी त्यांना एका तहातून मिळाली होती आणि तो तह राजाने दिलेला होता. राजाने दिलेले राजानेच काढून घेतले. त्या वेळी गावोगावचे शेजारी काय करीत होते, तर काही ठिकाणी जमीनदारांनी आणि गावकऱ्यांनी आपल्या मोरिस्कोंना राहू द्यावे म्हणून रदबदली केली. पण रदबदलीला हक्काचे बळ नव्हते.

आधुनिक स्पेन या बाबतीत पुढे आला आहे, तो कायद्यानेच. १९७८ च्या संविधानाने धर्मस्वातंत्र्य मान्य केले. ग्रनाडा पडल्याला बरोबर ५०० वर्षे झाली त्या १९९२ साली स्पॅनिश राज्याने मुस्लिम समाजाच्या प्रतिनिधींशी करार केला आणि त्याला कायद्याचे रूप दिले. निकाह, सरकारी शाळांतून इस्लामचे शिक्षण, दफनविधी, सणांच्या सुट्या यांची त्यात तरतूद आहे. आज स्पेनमध्ये वीस लाखांहून अधिक मुस्लिम आहेत. हिशेब पुरता चुकता झालेला नाही. १४९२ मध्ये हाकललेल्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा स्पेनने २०१५ मध्ये केला, मोरिस्कोंच्या वंशजांसाठी मात्र तसा कायदा झाला नाही. हिवाळ्यात जैतूनची फळे झोडपायला मोरोक्को, सेनेगल, माली इथले मजूर याच गावांत येतात. त्यांच्यासाठी हाएन प्रांतात हंगामी निवारे चालवले जातात. जय्यानच्या झाडांखाली पुन्हा कोणी सलाम करतो, तो आता रोजंदारीवर आलेला परदेशी असतो. तो वापरतो त्या घाण्याचे नाव त्याच्याच भाषेतून आले आहे, हे त्याला कोणी सांगत असेल असे वाटत नाही.

वाट पुएन्ते हेनिलला संपते. हेनिल ही ग्रनाडाकडून येणारी नदी, अरबांची ‘शनील’. तिथल्या पाण्याने आजही शेते भिजतात आणि पाटाला आजही ‘आसेकिया’ म्हणतात, ते अरबी ‘अस्-साकिया’. अंदलूसचे रडगाणे गाणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की, गेले ते सिंहासन. पाट, घाणा, शब्द हे वापरात आहेत आणि ते वापरणाऱ्यांचे आहेत. अंदलूसची धमकी देणाऱ्यांना सांगायचे ते आपल्या संविधानात आहे. ते कुणा राजाने आपल्याला बहाल केलेले नाही. ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणून ज्यांनी ते स्वतःला दिले, त्यांत आपण आहोत. म्हणून मराठी लिहीत राहणे आणि त्या कागदाची राखण करणे ही आपली दोन कामे आहेत. पहिले आपण शेख महंमदांच्या काळापासून करीत आलो आहोत. दुसऱ्याकडे आपल्या जलशांत, मदरशांत, महाविद्यालयांत आणि आपल्या अंकांतही अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुलांना अल्हम्राच्या गोष्टी जरूर सांगाव्यात, पण त्यांना सात-बारा वाचायला आणि संविधान वाचायलाही त्याच बैठकीत शिकवावे.